मनकर्णाबाईच्या पूर्वेला मनकर्णाबाई

महाराष्ट्र होऊन पाचेक वर्षं झाली असतील. धामणगाव बढ्याच्या अलीकडच्या एका गावात त्या साली पाऊस असा रुसला, की भादव्यातच मिरचीनं माना टाकल्या. मनकर्णाबाईचं दोन एकर शेत नाल्याच्या काठावर. नाला वरून कोरडाठाक, पण हातभर वाळू उपसून झिरा खोदला की पाणी लागायचं. तेवढ्यावर तिची मिरची तगली असती. पण हुकूम निघाला: ज्याचं शेत नाल्याला लागून, त्यानंच परवानगी घेऊन झिरा खोदायचा, बाकी कुणी फावडं लावलं तर गुन्हा. मनकर्णाबाई निर्धास्त होती. तिचा बांध ओलांडला की पाय नाल्यातच पडतो, हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं.

पण साहेब काही शेळ्यांना विचारणारे नव्हते. तालुक्याचे वामनराव साहेब पुण्याहून नवी पद्धत शिकून आले होते. गावच्या शेतांची जुनी वही त्यांनी मोडीत काढली आणि उकंडराव तलाठ्याला दर शेताचं एक कार्ड लिहायला बसवलं. कार्डावर सगळ्यात वर धारकाचं नाव, त्याखाली पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला, उत्तरेला. कडेनं भोकं. शेताला नाला लागत असेल तर ठरलेलं भोक कात्रीनं कडेपर्यंत कापायचं. मग सगळा गठ्ठा धरून त्या भोकातून स्वेटर विणायची सुई घालायची आणि हलवायचं. कापलेली कार्डं खाली पडतात, बाकीची सुईला लटकतात.

"आता माणसांना विचारत बसायचं कामच नाही," साहेब चावडीत म्हणाले. "कार्डाला विचारायचं."

सुई घातली, गठ्ठा हलवला. तेरा कार्डं पडली, तेवढ्यांना तिथल्या तिथं परवानगीचा कागद मिळाला. शेजारच्या पंजाबरावाचंही पडलं. मनकर्णाबाईचं लटकून राहिलं.

"माहं काऊन नाही पडलं?" ती पुढे झाली. "हलवा ना जरा जोरानं!"

साहेबांनी कार्ड सुईवरून काढून वाचलं. "धारक, मनकर्णाबाई. पूर्वेस, वरीलप्रमाणे." त्यांनी वर पाहिलं. "वर तुमचंच नाव आहे. म्हणजे तुमच्या शेताच्या पूर्वेला तुम्हीच आहात."

"अवो, मी तं इथं तुमच्यासमोर उभी ना!"

उकंडरावाच्या ध्यानात घोळ आला. जुन्या वहीत पंजाबरावाच्या ओळीत पूर्वेला 'नाला' होतं. त्याच्या खालची ओळ मनकर्णाबाईची, तिथं कुण्या आळशी तलाठ्यानं नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहून हात झटकले होते. वहीत ते बरोबरच होतं, कारण वरची ओळ वर होती. उकंडरावानं ते इमानेइतबारे कार्डावर उतरवलं, आणि पंजाबरावाची ओळ गेली पंजाबरावाच्या कार्डावर.

"चुकलं साहेब. मी आत्ता 'नाला' लिहून भोक कापतो," तो पुटपुटला.

"खबरदार!" साहेब कडाडले. "खाडाखोड अजिबात चालणार नाही. सोमवारी जिल्ह्याचे मोठे साहेब हीच पद्धत पाहायला येताहेत. माणूस चुकतो, कार्ड चुकत नाही. बाई, तुम्ही मोजणीचा अर्ज करा, दिवाळीनंतर नंबर लागेल."

दिवाळीनंतर! मिरची आठ दिवस काढते की नाही याचा भरवसा नव्हता.

"काकू," पंजाबराव हातातला परवानगीचा कागद नाचवत म्हणाला, "आता बांधावरून सोताशीच भांडत बसा!"

चावडी खदखदून हसली. मेल्याला हसायला काय जातंय! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज तिनं चढू दिला नाही.

"साहेब, कार्ड चुकत नाही म्हन्ता?"

"कधीच नाही."

"अन् पूर्वेले मीच?"

"तुम्हीच."

"पंजाब्या, तू शेजारी हायेस. माह्या वावराच्या पूर्वेले काय हाये रे?"

"नाला," पंजाबराव बोलून गेला.

"हाव. अन् कार्ड म्हन्ते तिथं मनकर्णाबाई. मंग नाला माहा झाला का नाही, साहेब?"

साहेबांनी कार्ड पुन्हा वाचलं. कार्ड खोटं म्हणावं तर सोमवारी मोठ्या साहेबांपुढे फजिती. खरं म्हणावं तर सरकारी नाला बाईच्या घशात. त्यांनी कपाळ चोळलं. मग लेखणी उचलली आणि लिहिलं: 'सदर नाला धारकाच्या नावे दिसून येतो. धारकास परवानगीची आवश्यकता नाही.' आणि शिक्का मारला. सोमवारपुरता नाला गेला तरी चालेल, पण पद्धत राहिली पाहिजे.

"अन् मंग आमचे कागद?" पंजाबरावाचं हसू पार मावळलं होतं.

साहेबांनी मान वर केली नाही. "दुसऱ्याच्या जागेत खोदायचं तर धारकाची संमती घ्या."

तेराही जण मनकर्णाबाईकडे वळले. पंजाबरावानं टोपी काढून हातात घेतली. त्याला चार दिवस ताटकळत ठेवावं, असं तिच्या मनात येऊन गेलं; का येऊ नये? पण त्याच्या मिरचीची गतही तिनं येता येता पाहिली होती. मागे, दाराशी, नाल्यापासून लांब शेतं असलेली माणसं उभी होती. त्यांना कुणी कागद दिलाच नव्हता, आणि त्यांनी काही मागितलंही नव्हतं.

"काकू..." पंजाबराव चाचरला.

"काकू काय काकू! फावडे घ्या अन् चला," ती चावडीची पायरी उतरत म्हणाली. मग दाराशी थांबून मागच्यांकडे वळली. "अन् तुम्ही काऊन उभे बे? तुमच्या मिरचीले तहान लागत नाही का? चला, सारेच खोदा."