रंगाचा बेरंग

मी एक मासा बोलतोय. साऱ्या समुद्रात माझ्याइतका देखणा कोणी नव्हता. म्हणजे, आमच्या फांदीवर नव्हता. प्रवाळाच्या त्या फांदीवर आम्ही दोघंच राहायचो, आणि बायकोचं मत वेगळं होतं.

नावाला मासा, वजनालाही जेमतेम तोळ्या-माशातला मासाच! कूळ गोबी. पोटाखालचे दोन पर जुळून आमची वाटी होते. ती टेकवून फांदीला चिकटायचं. वाटी दिसली की कूळ कळतं. पण कुळातला नेमका कोण, ते अंगावरचे रंगच सांगतात. हे मी बाटलीत बसून शिकलो. माझी शाळा तेवढीच.

मी शेंदरी होतो, गालांवर निळ्या रेघा. एका पाणबुड्यानं मला जाळीत धरलं. बायको शहाणी, फटीत शिरली. पाणबुड्याची धाकटी बहीण मासे ओळखणारी. तिला बोट लागली होती, तरी बादलीत डोकावून ओरडली, "दादा, हा नवाच! याला नाव मिळणार! नीट टिपून घे, मग स्पिरिटमध्ये टाक." आणि आडवी झाली.

दादानं रुमाल काढला, मला शेपटीपर्यंत टिपलं आणि बाटलीत सोडलं.

किनाऱ्यावर तिनं विचारलं, "फोटो?"

"कसला फोटो?"

"टिपून घे म्हणाले ना!"

"मग! थेंब ठेवला नाही अंगावर."

मेलेल्यानं हसू नये, पण मला आवरेना. हसता हसता पाहिलं, तर माझाच रंग उतरत होता.

आता मी फळीवर, भिजल्या कागदासारखा. "हे काय, नखाचा तुकडा?" म्हणतात. नावं ठेवणारे पुष्कळ, नाव ठेवणारं कोणी नाही. चिठ्ठीवर नुसतं 'गोबी'. माणसाच्या दारावर 'माणूस' लिहावं तसं.

"रंगावाचून कोण मानणार?" बहीण म्हणाली. "दादा, त्याच फांदीवरचा दुसरा आण."

दुसरी म्हणजे माझी बायको. ती सापडावी, असं मला वाटलं. नावापायी वाटलं. मग सापडू नये, असंही वाटलं. पण यंदाच्या उन्हाळ्यात समुद्र फार तापला होता.

आज दादा ओल्या केसांनी परतला, हात रिकामे.

बाई, नाव राहू द्या. आम्ही शेंदरी होतो, दोघं होतो, एवढं तरी लिहा!

"कोणीच नाही?" बहिणीनं विचारलं. "मग याचं मी करू काय?"

दादानं माझी बाटली उजेडाकडे धरली.

"तिथं नेऊन ठेव. सगळं प्रवाळ पांढरंफटक पडलंय. आता हा तिथं अगदी शोभेल."