ओल्या जिन्यावरची पकड

जया वाव्हळ मुलुंड पश्चिमेला टपाल वाटायची. खांद्याला पिशवी, दिवसाला बारा-तेरा किलोमीटर चाल, आणि लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींचे जिने वेगळे. रविवारी सुट्टी, तर रविवारी बाई डोंगरावर. कधी माहुली, कधी नाणेघाट. घरी घाटकोपरला नवरा विशाल म्हणायचा, ‘‘आठवडाभर चालतेस ते पुरत नाही का गं?’’ तर म्हणायची, ‘‘आठवडाभर लोकांसाठी चालते. रविवारी माझ्यासाठी.’’

इतकं चालणाऱ्या माणसाच्या पायाला जे कळतं ते दुकानातल्या माणसाला कळत नाही. सुरुवातीला तिने ट्रेकिंगच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या होत्या, अमुक बुटाचा सोल दोन महिन्यांत सुटला म्हणून. लोक विचारत गेले, ती सांगत गेली. मग तिने फेसबुकवर पान काढलं, ‘झिजल्यावर’. बूट, सॅक, पावसाळी जॅकेट, गुडघ्याचे पट्टे, काय वाटेल ते. नियम एकच: वस्तू स्वतः विकत घ्यायची आणि आठशे किलोमीटर वापरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. फुकट पाठवणाऱ्यांना ती पार्सल न फोडता परत पाठवायची. आपल्याच हाताने पार्सलवर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारताना तिला मजा यायची.

चार वर्षांत अकरा हजार लोक ते पान वाचायला लागले. पोस्टातले लोक तिला चेष्टेने ‘बूटवाल्या मॅडम’ म्हणायचे, पण नवीन बूट घेताना हळूच विचारायचेही.

ऑगस्टमध्ये तिला एक निरोप आला. बोरिवलीच्या मालन तावडे नावाच्या बाईंचा.

‘‘तुमचं वाचून माझ्या मिस्टरांनी ते राखाडी बूट घेतले. गेल्या महिन्यात नॅशनल पार्कात ओढ्यात पडले. मनगट मोडलं, आत प्लेट टाकली. भांडायला लिहीत नाही. एकच विचारायचं होतं. तुम्ही स्वतः त्यात चालला होतात, की असंच?’’

जया पत्रं लावत बसली होती. हातातला गठ्ठा तिने खाली ठेवला. गेल्या चार वर्षांत तिला लोकांनी बरंच ऐकवलं होतं. कंपन्यांचे पैसे खाते, बायकांना काय कळतं बुटातलं, सगळं. ते तिच्या अंगाला लागलं नव्हतं. हे लागलं. ते बूट तिने डिसेंबर ते मार्च रोज घातले होते. आठशे चाळीस किलोमीटर. तळाची नक्षी बोटाखाली लागेनाशी होईपर्यंत.

संध्याकाळी विशालला तिने निरोप वाचून दाखवला.

‘‘चालले होते म्हणून सांग आणि सोड ना,’’ तो म्हणाला. ‘‘पावसात ओढ्यात उतरलं की माणूस पडणारच. त्यात तुझा काय संबंध?’’

‘‘मी काय लिहिलं होतं ते तरी बघू दे.’’

तिने आपलाच मार्चमधला लेख काढला. लांबलचक होता. टाच, लेस, वजन, आतलं अस्तर. आणि मधेच ते वाक्य: ‘ओल्यात पकड सोडत नाहीत. डोळे मिटून पाय टाका.’

ती बराच वेळ ते वाक्य बघत राहिली. ओल्यात म्हणजे कुठल्या ओल्यात? डिसेंबर ते मार्च मुलुंडमध्ये पाऊस कुठला? तिला एकदम आठवलं. सकाळी इमारतींचे झाडूवाले जिने धुवायचे. पाइप लावून वरपासून खालपर्यंत पाणी सोडायचे. त्या ओल्या गुळगुळीत कडप्प्यावरून ती रोज पिशवीसकट चढउतार करायची, आणि बूट कधी सटकले नव्हते. ते खरं होतं. पण लेखात जिना नव्हता. लिहिताना हात भरधाव चालला होता, वाक्य ऐटदार होतंय असं वाटलं आणि तिने ते ठेवून दिलं.

विशाल साकीनाक्याला एका कारखान्यात तयार भाग तपासायचं काम करत असे. ताटावर बसता बसता तो म्हणाला, ‘‘आमच्याकडे पार्ट पास झाला तरी कागदावर लिहावं लागतं, इतक्या लोडला पास, इतक्या तापमानाला पास. नुसतं ‘पास’ लिहिलं तर साहेब तोंडावर फेकेल कागद.’’

तो सहज बोलून गेला. जयाचा घास मात्र हातात राहिला.

रविवारी, मालनताईंकडून पत्ता मागवून घेऊन, ती घाटकोपरहून मेट्रोने निघाली, डी. एन. नगरला बदलून बोरिवलीला उतरली. पिशवीत तिचे स्वतःचे झिजलेले राखाडी बूट होते. काय बोलायचं हे सबंध वाटेत ठरलं नाही.

दार मालनताईंनीच उघडलं. साठीच्या, ठेंगण्या, अंगाने भरलेल्या. आत सोफ्यावर मधुकर तावडे, उजवा हात गळ्यात. त्रेसष्ट वर्षांचा उंचापुरा माणूस. वडील गिरणीत होते, हे स्वतः केबल कंपनीतून रिटायर झालेले. जयाला बघून ते उठायलाच लागले.

‘‘अहो बसा काका!’’

‘‘तुम्ही याल असं वाटलं नव्हतं हो,’’ ते ओशाळून म्हणाले. ‘‘हिने मला न विचारता लिहिलं. तुमचा काय दोष? मीच घसरलो.’’

‘‘घसरलात कशाक ता सांगा ना त्यांका,’’ मालनताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. राग आला की त्यांची गावची भाषा वर यायची. ‘‘हेंका कितीदा सांगलंय, त्या दगडार जाव नका. पण ऐकतत खंय! म्हणे, मॅडमनी लिवलाहा, डोळे मिटून पाय टाका!’’

जयाने मान खाली घातली. तिचं वाक्य त्या घरात पाठ झालं होतं.

‘‘मावशी, मी चालले होते त्यात,’’ ती म्हणाली. ‘‘आठशे चाळीस किलोमीटर. पण ओलं म्हणजे मी धुतलेला जिना म्हटलं होतं. शेवाळावर मी ते बूट एकदाही घातले नव्हते. आणि तसं मी लिहिलं नाही. ते लिहायला हवं होतं.’’

 मालनताई आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

मधुकररावांनी डाव्या हाताने आपले बूट आणून दिले. जयाने दोन्ही जोड शेजारी ठेवले. तेच नाव, तीच नक्षी. तिचे पाच नंबर, त्यांचे दहा. तिचे पुढच्या चवड्याकडे झिजलेले, त्यांचे टाचेच्या बाहेरच्या कडेला.

‘‘काका, वजन किती तुमचं?’’

‘‘चौऱ्याण्णव. डॉक्टर ओरडतात.’’

‘‘माझं एक्कावन्न.’’

ती दोन्ही बुटांकडे बघत राहिली. बूट एकच, पण ते दोन माणसांनी दोन तऱ्हांनी वापरले होते, आणि आजवर ती स्वतःच्या पायाला सगळ्यांचे पाय समजून लिहीत आली होती. तिचा सल्ला वाचणारे अकरा हजार लोक केवढे असतील, कसे चालत असतील, हा प्रश्न तिला चार वर्षांत पडला नव्हता.

‘‘मला तो दगड दाखवाल?’’ तिने विचारलं.

‘‘आत्ता?’’ मधुकररावांचे डोळे चमकले. महिनाभर ते घरात कोंडलेले होते.

‘‘तुम्ही गेलात तर मी पण येतलंय,’’ मालनताई कप ठेवत म्हणाल्या. ‘‘तुमच्यार माझो इश्वास नाय. दोघांवर पण.’’

नॅशनल पार्कात कान्हेरीच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून थोडं आत तो ओढा होता. दोन दिवस पाऊस थांबला होता, पाणी घोट्याच्या वर जेमतेम. पलीकडे जायला सात-आठ दगड. मधुकररावांनी काठावरूनच बोट दाखवलं. ‘‘तो तिसरा. हिरवट दिसतोय तो.’’

जयाने आपले बूट चढवले. पहिला दगड करडा, खरखरीत. पाय घट्ट बसला. दुसराही. तिसऱ्यावर तिने सवयीने चवडा टेकवला आणि वजन टाकलं. पुढचं तिला नीट कळलंच नाही. आभाळ दिसलं, फांद्या दिसल्या आणि ती कमरेपर्यंत पाण्यात बसलेली होती. कोपर दगडावर आपटून झिणझिण्या आल्या.

‘‘अगे बाये!’’

मालनताई ओरडल्या आणि पुढच्या क्षणी चपला काठावर टाकून, साडी खोचून ओढ्यात शिरल्या. जया बघतच राहिली. बाई अनवाणी त्याच हिरव्या दगडावरून आल्या, सावकाश, न डगमगता, आणि तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं.

‘‘लागला काय?’’

‘‘नाही. मावशी, तुम्ही कशा आलात?’’

‘‘कशी म्हणजे? पाय सपाट टाकूचो. आधी टाच नाय, आधी चवडो नाय, सगळो पाय एकदम. आणि वजन मागून टाकूचा.’’ मग त्या जरा हसल्या. ‘‘लग्न होईपर्यंत रोज न्हयर कपडे धुवूक जाय मी. आमच्या न्हयचे दगड यापेक्षा वायट.’’

काठावरून मधुकरराव म्हणाले, ‘‘अडतीस वर्षांत मला नाही शिकवलंस हे.’’

‘‘तुम्ही इचारलात कधी?’’

भिजलेली जया हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. त्या मनगटातली प्लेट, घरात पाठ झालेलं ते वाक्य, सगळं एकदम वर आलं. मालनताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग जयाने काम सुरू केलं. मालनताईंचा हात धरून ती त्या दगडावर सहा वेळा चढली. चवड्यावर वजन टाकलं, बूट सटकले. टाचेवर टाकलं, सटकले. पाय सपाट टाकला तेव्हा चार वेळांपैकी तीन वेळा टिकले. करड्या दगडावर मात्र कसंही टाकलं तरी घट्ट. मधुकरराव काठावर बसून डाव्या हाताने फोनवर ते टिपत होते. अक्षरं चुकत होती, पण उत्साह दांडगा होता.

त्या आठवड्यात तिने लेख दुरुस्त केला. जुना काढून टाकावा असं एकदा मनात आलं, पण कुणीतरी तो वाचून बूट घेतले होते, आणि त्या माणसाला चूक कुठली ते दिसायला हवं होतं. म्हणून जुनं वाक्य तिने तसंच ठेवलं आणि वर लिहिलं:

‘हे वाक्य मी धुतलेल्या जिन्यावरून लिहिलं. शेवाळावर हे बूट मी घातले नव्हते. माझ्या भरवशावर एक गृहस्थ पडले. आता मी त्याच दगडावर जाऊन आले आहे आणि मीही पडले आहे. माझं वजन एक्कावन्न किलो आहे, मी चवड्यावर जोर देऊन चालते, आणि हे बूट मी कोरड्या दिवसांत वापरले. तुम्ही वेगळे असाल तर माझं म्हणणं तेवढंच कमी धरा.’

लोकांनी काय काय लिहिलं. कुणी झकास म्हणाले. कुणी लिहिलं, आता काय चप्पल घेतानाही वजनकाटा आणायचा का. एक जण रागाने म्हणाला, चार वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवला, आता तुम्हीच खात्री नाही म्हणता, मग आम्ही जायचं कुठे? या माणसाला तिने दोन दिवसांनी उत्तर दिलं. खात्री जेवढी आहे तेवढीच देते, असं.  शे-दीडशे लोक पान सोडून गेले. जयाला वाईट वाटलं, पण रात्री झोप लागली.

तिचे जुने लेखही तिने एकेक करून पुन्हा वाचायला घेतले. जवळजवळ प्रत्येकात अशी दोन-तीन वाक्यं सापडली. ‘कुणालाही चालेल.’ ‘आयुष्यभर टिकेल.’ आठशे किलोमीटर चालून तिने एवढं मोठं आयुष्य कुठून आणलं होतं, कोण जाणे. विशाल रात्री तिच्या शेजारी बसून ती वाक्यं मोठ्याने वाचायचा आणि विचारायचा, ‘‘किती लोडला?’’ सुरुवातीला तिला राग यायचा. मग ती स्वतःच विचारायला लागली.

नोव्हेंबरमध्ये मधुकररावांचा हात बराचसा मोकळा झाला. त्यांनी फोन करून सांगितलं आणि फोन मालनताईंकडे दिला.

‘‘मावशी,’’ जया म्हणाली, ‘‘मला एक मदत हवीय. चालायच्या सँडलचा एक जोड मी घेतलाय, तसाच तुमच्या मापाचा दुसरा आणते. तुम्ही घालून चाला. जमेल तेवढं. काय वाटेल ते सांगा, गोड बोलायचं नाही.’’

‘‘गोड बोलूक माका येता तरी खंय?’’

त्या चालल्या. आधी मंडईपर्यंत, मग सकाळी नवऱ्याच्या फिरायच्या ग्रुपबरोबर. ग्रुपमध्ये त्या आजवर कधी गेल्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. हल्ली मधुकरराव मागे राहायचे आणि त्या पुढे, असं नवऱ्यानेच कौतुकाने सांगितलं. जयाही तशाच सँडलमध्ये मुलुंड पालथं घालत होती, आणि तिला त्यात नाव ठेवायला जागा सापडत नव्हती. पट्टा चावत नव्हता, सोल हलका, टाच धरून ठेवणारी. तिने लेखाचा कच्चा मजकूरही मनात जुळवला होता.

फेब्रुवारीत मालनताईंचा फोन आला. दोनशे बारा किलोमीटर झाले होते आणि त्यांचं मत पक्कं झालं होतं.

‘‘लिहून घे. पट्टो बरो, सोल बरो. पण टाचेकडून खडो आत शिरता. तू काय करतंस खडो शिरल्यावर?’’

‘‘काही नाही. वाकते आणि काढते.’’

‘‘तू वाकतंस. माझो गुडघो वाकणा नाय. मी वाटेत खांब शोधतंय, खांबाक धरतंय, पट्टो सोडतंय, खडो काढतंय. दर फेरीक तीनदा. साठीच्या बाईन ह्ये घेव नयेत.’’

जया मुलुंडला एका इमारतीच्या जिन्यात उभी होती. तीन महिने तिच्याही सँडलमध्ये खडे शिरले असतील. तिने ते इतक्या सहज काढून टाकले होते की एकही लक्षात राहिला नव्हता. तिने पिशवी पायरीवर टेकवली, पेन काढलं आणि म्हणाली, ‘‘मावशी, परत सांगा. हळू. तुमच्याच शब्दांत घालते, खाली तुमचं नाव.’’

‘‘नाव कित्याक?’’

‘‘चाललात तुम्ही.’’

 पलीकडे मालनताईंनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.