पहिला थांबा

कृष्णाबाईंनी सुनेच्या हातातली कागदांची पिशवी ओढून घेतली आणि खिडकीच्या जाळीखालून आत सरकवली.

"मुलग्याची नोंद करायची हाय," त्या म्हणाल्या. "भूपेश काळूराम म्हात्रे. उमेळे."

जन्म-मृत्यू नोंदणीच्या त्या खिडकीपलीकडे सुझान नावाची तरुण बाई बसली होती. तिने एकेक कागद काढून टेबलावर मांडला : स्मशानभूमीची पावती, डॉक्टरांचा दाखला, दोन आधार कार्डे.

"अर्ज कोण करतंय, आजी?"

"मी. त्याची आई."

"इथे पत्नीचं आधार पण लावलंय."

"हाय पत्नी. मागे उभी हाय," कृष्णाबाई मागे न वळता म्हणाल्या.

"अर्ज मी भरलाय, आई," ज्ञानदा म्हणाली. "सहीपण मीच करणार आहे."

"ज्याच्या घरातून मानूस जातो, तो सही करतो. बोळिंजच्या चौथ्या माळ्यावरून कोनी गेला तर तिथली सही तू कर."

रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी घसा खाकरला आणि भिंतीवरचा डेंग्यूचा फलक वाचायला सुरुवात केली.

भूपेशला जाऊन पंधरवडा झाला होता. एवढ्या दिवसांत सासू-सून एकमेकींशी जे काही बोलल्या, ते सारे तिसऱ्या माणसाच्या तोंडून. लग्नानंतर वर्षभरात ज्ञानदा नवऱ्याला घेऊन बोळिंजला राहायला गेली आणि कृष्णाबाईंनी त्या इमारतीचा जिना कधीही चढला नाही. पण विरारच्या इस्पितळात डॉक्टरांनी हात टेकले, त्या दुपारी फोन कृष्णाबाईंनीच केला होता. 'त्याला घरी आन. जीव असताना आन,' एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला होता.

जीव असताना, कारण त्या घराची रीत तशी होती. बाहेर मेलेल्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत. अंगणात फणसाखाली ठेवायचे आणि तिथूनच उचलायचे. मिठागरावर छातीत कळ येऊन पडलेला काळूराम असाच उन्हात अंगणात राहिला होता, आणि घरातल्या थोरल्यांनी तरुण कृष्णाबाईंना नवऱ्याशेजारी बसूसुद्धा दिले नव्हते. भूपेशला मात्र आत घेतले गेले होते. माजघरात, देवासमोर, आईच्या मांडीवर. तेवढे सरकारी कागदावर यावे, एवढ्यासाठी त्या आज इथे उभ्या होत्या.

"मृत्यूचं ठिकाण?" सुझानने विचारले.

"घर. उमेळे."

"जवळ कोण होतं?"

"मी. माझ्या हातचा पानी तोंडात घेऊन गेला."

"वेळ?"

"दिवाबत्तीची. गाडी आली, त्याला आत घेतला, पानी दिला. लगेच डॉक्टर प्लासिड आले."

सुझानचे पेन थांबले. तिने डॉक्टरांचा दाखला जवळ ओढून पुन्हा वाचला.

"आजी, डॉक्टरांनी लिहिलंय, तपासलं तेव्हा मृत्यू होऊन कमीत कमी अर्धा तास झाला होता."

"डॉक्टरला काय कळता? त्याच्या बापाला मी शेंबूड पुसताना पाहिलाय."

"ते असेल. पण मला दोन्ही लिहिता येणार नाहीत. गाडी येऊन लगेच डॉक्टर आले म्हणता, मग अर्धा तास आधी हे होते कुठे?"

कृष्णाबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"घरातच होते," मागून ज्ञानदा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आम्ही लवकर पोचलो होतो. आईंना वेळेचं भान राहिलं नसेल. ठिकाण घर लिहा."

"नक्की ना, मॅडम? कारण मी डॉक्टरांना फोन लावून विचारणार."

"विचारा. घरातच गेले."

कृष्णाबाई सकाळपासून पहिल्यांदा मागे वळल्या. सून त्यांच्या बाजूने बोलत होती, याचा त्यांना आनंद झालेला दिसला नाही. अंगणात कोणी अनोळखी शिरावे, तसे त्यांनी तिच्याकडे पाहिले.

"तू माझ्यासाठी खोटा बोलू नको," त्या म्हणाल्या. "तुझा उपकार मना नको."

"उपकार कसला? तुम्हाला जे हवं तेच सांगतेय."

कृष्णाबाई पुन्हा खिडकीकडे वळल्या. त्यांचा उजवा हात जाळीवर होता. अंगठा बोटांच्या टोकांवरून सावकाश फिरत होता, जणू बोटांना अजून काही ओले लागत होते.

"पानी उतरला नाय," त्या म्हणाल्या.

"काय, आजी?"

"मी चमच्याने घातला. तो ओठावरून परत आला, माझ्या हातावर. गाल थंड होता. चार मुलगे वाढवले मी, जिता गाल हाताला कसा लागतो, ते मना ठाऊक हाय." मग त्यांनी प्रत्येक शब्द सुटा उच्चारला. "गाडीतच गेला. तसाच लिहा."

ज्ञानदा एक पाऊल पुढे आली.

"तुम्हाला कळलं होतं?"

"मी आंधळी नाय."

"आणि तरी आत ठेवलंत? मी फाटकाशी ओरडत होते, श्वास आहे, हळू उचला म्हणून. सगळ्यांसमोर खोटं बोलत होते. तुम्ही तोंडातून शब्द काढला नाहीत!"

"मग काय करनार? तुझ्यासारखी मीपन ओरडू? सगळा गाव उभा होता. बोलली असती, तर त्याला फनसाखाली ठेवला असता."

"आणि वर, बोळिंजच्या बाईने मुलगा मरायला टेकल्यावर आणून टाकला, असं तुम्हीच बायकांना सांगत होतात तेराव्याला. मी ऐकलंय."

"सांगत होती," कृष्णाबाई म्हणाल्या. "खोटा होता काय ते?"

सुझानने पेन टेबलावर ठेवले. रांगेतल्या गृहस्थांचा फलक केव्हाच वाचून झाला होता, तरी ते तिकडेच पाहत होते.

"हे बघा," सुझान आवाज खाली आणत म्हणाली, "भांडण बाहेर जाऊन करा. इस्पितळात गेले असते, तर नोंद तिकडे विरारला झाली असती. पण चालत्या गाडीत मृत्यू झाला असेल, तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबते, ते ठिकाण धरतात. मॅडम, त्यांचा श्वास थांबलाय हे तुम्हाला कुठे कळलं?"

ज्ञानदाने नजर टेबलावरच्या कागदांवर ठेवली.

"इस्पितळाच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागले तेव्हाच. त्यांचा हात गिअरवर आला आणि तसाच राहिला."

"गाडी तुम्ही चालवत होतात?"

"मीच. ते बाजूच्या सीटवर होते."

"मग गाडी कुठे थांबवलीत?"

"नाही थांबवली."

"अहो, विरारवरून उमेळ्यापर्यंत? सिग्नल तरी लागले असतील."

"लागले. थांबले नाही." ज्ञानदा सुझानकडे पाहत होती, सासूकडे नाही. "थांबले असते, तर पुन्हा निघता आलं नसतं मला. त्यांचा हात बाजूला करता येत नव्हता, म्हणून तो हातात धरूनच गिअर टाकत आले. गाडी थांबली ती यांच्या फाटकाशी."

पंख्याच्या वाऱ्याने स्मशानभूमीची पावती उडू लागली. कृष्णाबाईंनी जाळीखालून बोट घालून ती दाबून धरली.

सुझानने मान खाली घातली आणि लिहू लागली. तिने मृत्यूचे ठिकाण मोठ्याने वाचून दाखवले : उमेळे. पुढे वाहनात, असेही लिहिले. मग कागद फिरवून खिडकीशी आणला.

"गाडी ज्यांच्या ताब्यात होती, माहिती त्यांची. सही तुम्ही करा, मॅडम."

खिडकीसमोर एकाच माणसापुरती जागा होती. कृष्णाबाई तिथे सकाळपासून पाय रोवून उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या. ज्ञानदाने सही केली. तिने आभार मानले नाहीत, आणि कृष्णाबाईंनीही ते मानले जावेत असे काही केले नव्हते.

कार्यालयाच्या मागच्या गल्लीत ज्ञानदाची पांढरी गाडी उभी होती. कृष्णाबाई रिक्षाने आल्या होत्या. त्या गाडीचे तोंड पाहायचे नाही, असे त्यांनी निघताना शेजारणीला ऐकवले होते. नाक्यावर दोन रिक्षा रिकाम्या उभ्या होत्या. त्यांच्याकडे न पाहता त्या गाडीपाशी गेल्या आणि पुढचे दार उघडून थांबल्या.

ती सीट मागे सरकवलेली होती, आणि पाठ जवळजवळ आडवी केलेली. पंधरवड्यात तिला कोणी हात लावला नव्हता.

"सरळ करून देते," ज्ञानदा म्हणाली.

"राहू दे."

त्या आत बसल्या. पाठ न टेकता, ताठ, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ज्ञानदाने गाडी सुरू केली. तिचा हात गिअरवर क्षणभर घुटमळला.

"निघ आता," कृष्णाबाई समोर पाहत म्हणाल्या. "आनि सिग्नलला थांब."