तीन वर्षं कमी

"काका, तुम्हाला तीन वर्षं कमी पडायलीत," बँकेतल्या मंजुषा मॅडमनी माधवरावांचं आधार कार्ड परत सरकवलं.

माधवरावांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी कमी पडलेल्या पाहिल्या होत्या; वय कमी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. घर बँकेकडे गहाण टाकायचं, बँकेनं महिन्याला पैसे द्यायचे आणि नवरा-बायको दोघं जिवंत असेपर्यंत कुणी उठवायचं नाही, अशी ती योजना. पण साठ पूर्ण हवेत. कागदावर सत्तावन्न होते.

"मॅडम, मी साठीचाच हाय. बहात्तरच्या दुष्काळात आईसंगं खडी फोडायच्या कामावर जायचो, सुकडी खायचो. कागदापरमानं मी तवा चार वर्षांचा. चार वर्षांच्या लेकराला एवढं आठवंल का?"

"मला पटायलंय हो. कॉम्प्युटरला कसं पटवू?"

शाळेत नाव घालताना वडिलांनीच गुरुजींना सांगितलं होतं, तीन वर्षं कमी लिवा, पोराची नोकरी तेवढी लांबंल. गुरुजींनी एक जून टाकला, निम्म्या वर्गाला टाकला तसाच. पुढे नोकरी लागली ती सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये. तिथे जन्मतारीख कधी कुणी विचारलीच नाही. बायकोला, विमलाबाईंना, अर्धांगवायू झाला, तेव्हा तीही सोडावी लागली. मूलबाळ नाही, उचलून बसवायला दुसरं कोण होतं?

"काय म्हनली बँक?" घरी येताच बाजेवरून विमलाबाईंनी विचारलं.

"तीन वर्षं थांबा म्हनली."

"मामंजींनी लयच काटकसर केली." त्या अर्ध्या तोंडानं हसल्या. "घर इकून टाका. तीन वर्षं मला कुठली?"

"असं बोलू न्हाई," माधवराव म्हणाले.

चौथ्या दिवशी पाथरीचं गिऱ्हाईक आलं. चंद्रभान नाव, हातात फीत. अंगण मोजून झालं, स्वयंपाकघर झालं. आतल्या खोलीत मात्र मधोमध बाज. तो उंबऱ्यातच घुटमळला.

"वैनी, तुमाला तरास नको. अंदाजानं धरतो."

"अंदाजानं न्हाई," विमलाबाई म्हणाल्या. "ह्या भिंतींला मी पानी मारलंय. एकवीस दिवस."

माधवरावांनी फितीचं टोक एका भिंतीला टेकवलं, चंद्रभान दुसऱ्या भिंतीकडे गेला. बाजेवर येऊन फीत लोंबली. विमलाबाईंनी चांगला हात उचलला आणि माप नीट येईपर्यंत ती दोन बोटांवर तोलून धरली.