पिवळ्या गाडीची काच

आमच्याकडे गाडीच्या पुढच्या काचेला तडा नसेल, तर ती गाडी बाहेरगावची समजायची. रस्ते खडीचे. समोरून ट्रक आला की त्याच्या चाकाखालचा एखादा खडा उडतो आणि टक्कन काचेवर बसतो. आधी नुसता ठिपका. मग थंडी त्याला पाय फोडते, आणि बर्फ वितळेपर्यंत रेघ या टोकाची त्या टोकाला पोचलेली असते. काच लगेच कोणी बदलत नाही. नव्या काचेवरही खडा बसणारच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त पहिला तडा गेला की त्या दिवशी सहकारी दुकानातल्या लांब टेबलावरची कॉफी गाडीच्या मालकाने पाजायची, एवढी एक रीत.

कॅनडातल्या आमच्या केटल स्लू गावात अख्ख्या काचेची गाडी एकच होती. आर्डिस ट्वाइटची.

आर्डिसचा नवरा आयनार गेला, तेव्हा तिने त्याचा उंच पिकअप विकला. त्यात बसलं की तिला स्टिअरिंगवरून फक्त आभाळ दिसायचं. मग ती सस्काटून शहरात गेली आणि शोरूममधली सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त गाडी घेऊन आली. पाच दारांची, हाताने गिअर टाकायची, मोहरीच्या फुलासारखी पिवळी. आमच्या पिकअपच्या रांगेत ती लावली की मोठ्या जनावरांत कोंबडीचं पिल्लू शिरल्यासारखं दिसे.

"आर्डिस, ही गाडी आहे की गाडीचं पिल्लू?" कॉफीच्या टेबलावर लॉर्न पेट्रिशनने विचारलं होतं.

"पिल्लू असेल," आर्डिस म्हणाली, "पण तुझ्यापेक्षा आणि तुझ्या ट्रकपेक्षा कमी पितं."

टेबल हसलं. लॉर्न सगळ्यांत मोठ्याने हसला.

गाडी गुणाची निघाली. हीटर मात्र आळशी होता. पाय गरम व्हायच्या आत गाव यायचं. जमिनीपासून इतकी बुटकी की ताज्या बर्फावर पोट घासत चालायची. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून रात्री विजेला जोडून ठेवायची वायर तिच्या नाकाखालून जिभेसारखी लोंबत असे. पण चालू व्हायला तिने कधी नकार दिला नाही. आर्डिस किल्ली फिरवताना आईकडून आलेल्या चालीवर दोन ओळी म्हणायची. शब्द तिचे तिने जुळवलेले.

*ऊठ गं माझ्या पिवळे, वारा घालतो शीळ,*
*तुझ्या पोटी आग थोडी, माझ्या हाडी पीळ.*

आणि पिवळी उठायची.

इथे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करायचं. ओळख असो वा नसो. बोट वर म्हणजे आहेस ना, मीही आहे. आर्डिसचं बोट सगळ्यांच्या आधी वर व्हायचं. अर्धं आयुष्य तिने धान्याच्या कोठीवर वजनकाटा सांभाळला होता. कोणाचा ट्रक आला हे तिला खिडकीकडे पाठ असतानाही आवाजावरून कळायचं.

म्हणूनच तिचे डोळे गेले ते आम्हाला फार उशिरा कळलं. लॉर्नच्या बायकोने, ओल्गाने, पहिल्यांदा पाहिलं: आर्डिसने मैलाच्या खांबाला बोट वर केलं. आठवड्याने कोणीतरी सांगितलं, तिने शेतातल्या गवताच्या गोल भाऱ्यांना केलं. ओळीने सगळ्यांना, एकालाही न वगळता. मग आम्ही लक्ष देऊन पाहिलं. रस्त्याची कडा तिला दिसत होती, कारण तिथे गवत सुरू होतं. मधलं काही दिसत नसावं.

तिला तोंडावर सांगायला हवं होतं. टेबलावर तसं दोनतीनदा ठरलंही. पण गाडी काढून घेतली तर ती शेतावरच्या घरात राहू शकणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या घरातून तिला उठवणारं तोंड कोणाचंच होईना. त्याऐवजी झालं ते असं: पिवळा ठिपका दिसला की आम्ही बाजूला व्हायचो. चाकं गवतात उतरवायची, थांबायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, श्वास रोखलेला, आणि ती शेजारून सरळ निघून जाईपर्यंत हलायचं नाही. बोट वर करायचं भान तेव्हा कोणाला राहणार? शहाणपणाचं होतं असं कोणी म्हणणार नाही. पण थांबलेल्या चाकाखालून खडा उडत नाही. आधीचे हिवाळे नशिबाने निभावले, पण पुढे तिची काच अख्खी राहिली ती अशी.

आर्डिसला त्या काचेचा अभिमान होता. "लोक सुधारले," ती म्हणायची. "माझ्यासाठी सगळे बाजू देतात. कोठीवर होते तेव्हा हेच लोक रांग मोडायचे!"

मग ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिची मुलगी कार्ला सस्काटूनहून आली, आईच्या शेजारी बसून गावात निघाली आणि पहिल्याच वळणापर्यंत सगळं समजली. किल्ली त्याच दिवशी कार्लाच्या पर्समध्ये गेली. महिन्याभरात आर्डिस गावातल्या वृद्धनिवासात राहायला आली. गाडी घेतली तिथल्याच मारिविक दुमालागनने.

मारिविक फिलिपिन्समधल्या इलोइलोची. सकाळच्या पाळीला म्हाताऱ्यांना उठवणं, धुणं, भरवणं तिच्याकडे. गावाबाहेर एका शेतावरच्या जुन्या घरात ती भाड्याने राहायची, आणि चालत येण्यासारखं अंतर ते नव्हतं. ती पिवळीत बसली तेव्हा सीट पुढेमागे करावी लागली नाही. दोघींची उंची एकच. आर्डिसने तिला किल्लीबरोबर त्या दोन ओळीही दिल्या.

"आणि काच जप पोरी. अकरा हिवाळे काढलेत तिने, एक ओरखडा नाही."

"जपेन, लोला," मारिविक म्हणाली. तिच्याकडे आजीला लोला म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात मारिविकच्या लक्षात आलं की समोरून येणारा प्रत्येक ट्रक तिला पाहून रस्ता सोडतो. गवतात उतरतो, थांबतो. आत बसलेला माणूस स्टिअरिंग धरून ताठ, हसू नाही, मान हलवणं नाही. आणि बोट नाही. वृद्धनिवासाच्या व्हॅनमध्ये ती ड्रायव्हरशेजारी बसून गेली होती, तेव्हा प्रत्येकाने बोट वर केलेलं तिने पाहिलं होतं. म्हणजे रीत होती. तिच्यापुरती नव्हती.

दुकानात हेच लोक गोड बोलायचे. "थंडी कशी वाटतेय? सवय झाली का?" ओल्गाने तिला पिएरोगींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा भरून दिला होता. त्यामुळे तिला अधिकच कोडं पडे. तोंडावर एवढी माया, आणि रस्त्यावर दिसली की साथीच्या रोग्यापासून पळावं तसे दूर.

कॅल्गरीत तिची मावसबहीण जोसी होती. ती फोनवर म्हणायची, "अगं, कशाला त्या बर्फात मरतेस? इथे ये. इथे आपली माणसं आहेत, चर्च आहे, ताजा मासा मिळतो."

"वसंतापर्यंत बघते," मारिविक म्हणायची. वसंतात तिच्या नोकरीचा करार संपत होता.

रोज सकाळी नाश्त्याला आर्डिस विचारायची, "काय गं, बाजू देतात ना?"

"देतात, लोला. सगळे देतात."

"बघ!" म्हातारी टोस्टवर बेरीचा मुरंबा लावत, अर्धा ताटलीत सांडत, खूश व्हायची. "आपल्या लोकांना रीत आहे." मारिविक सांडलेला मुरंबा पुसून घ्यायची.

आम्ही का थांबत होतो? गाडी कोणाकडे गेली हे काय आम्हाला माहीत नव्हतं? होतं. पण पांढऱ्या रानात लांबवर पिवळं काही दिसलं की डोक्याने विचार करायच्या आत पाय ब्रेकवर गेलेला असायचा. ती निघून गेल्यावर आपण उगाच थांबलो हे आठवायचं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

जानेवारीतल्या एका दुपारी, श्वास नाकातच गोठेल अशा थंडीत, लॉर्नचा ट्रक असाच बाजूला उतरून उभा होता. मारिविक त्याच्याजवळून पुढे गेली नाही. तिने पिवळी रस्त्याच्या मधोमध थांबवली, उतरली, आणि ट्रकच्या पायरीवर चढून खिडकी वाजवली. लॉर्नने घाबरून काच खाली केली.

"काय झालं? गाडी बंद पडली?"

"माझं काय चुकलं?"

"आं?"

"मी काय केलंय तुम्हा लोकांचं? मला बघून सगळे पळता. एक बोट वर करायला इतकं जड जातं? सांगा ना. चुकलं असेल तर मी माफी मागते. नसेल तर मी जाते कॅल्गरीला, तुमचा रस्ता तुम्हाला मोकळा."

लॉर्नने टोपी काढली, पुन्हा घातली. "अहो, मला वाटलं आर्डिस आहे."

"आर्डिस? आज सकाळी त्यांना आंघोळ मी घातली! तुम्हीच नाही का ख्रिसमसला त्यांना भेटायला आलात, तीन वेळा केक खाल्लात?"

"ते माहीत आहे हो," लॉर्न म्हणाला. "मला माहीत आहे. माझ्या पायाला अजून कळलेलं नाही."

मग त्याने तिला वर बोलावून शेजारी बसवलं, हीटर तिच्याकडे वळवला आणि खांबापासून भाऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं. भाऱ्यांना ओळीने बोट वर केल्याचं ऐकून मारिविकला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने हातमोज्याने पुसलं.

"लोलाला माहीत आहे?"

"कोणी सांगायचं?"

"मग सांगू नका," मारिविक उतरताना म्हणाली. "पण मला दिसतं. मला बाजू नको."

लॉर्नने दुसऱ्या दिवशी हे टेबलाच्या कानावर घातलं. त्यानंतर आम्ही पायांना शिकवायला लागलो. सोपं नव्हतं. कोणी निम्मं उतरून पुन्हा रस्त्यावर यायचं, कोणी ब्रेक दाबून मग बोट वर करायचं. मार्च उजाडेपर्यंत पिवळी इतर गाड्यांसारखी झाली. आर्डिसच्या नाश्त्याला मात्र उत्तर तेच राहिलं: "देतात, लोला."

खडा बसला तो एप्रिलमध्ये. बर्फ विरून खडी उघडी पडली होती. लॉर्नचा ट्रक भरधाव आला, लॉर्नचं बोट वर झालं, मारिविकचं वर झालं, आणि टक्. काचेत बरोबर मध्ये चांदणी उमटली.

मारिविक तडक दुकानात आली. गाडी टेबलासमोरच्या खिडकीत लावली, आत येऊन म्हणाली, "आजची कॉफी माझी. सगळे या बघायला." आम्ही बाहेर जाऊन बघितलं. लॉर्नने चांदणीवरून अंगठा फिरवला आणि काम चांगलं झालंय असं म्हणाला. कॉफीबरोबर तिने पानसित आणली होती, शेवयांसारखी भाज्या घातलेली, तीही संपली.

पुढचं तिने मागाहून सांगितलं.

त्या रविवारी तिने आर्डिसला फिरायला नेलं. कधीतरी न्यायचं ठरलेलंच होतं, बर्फामुळे राहिलं होतं. आर्डिस पहिल्यांदाच आपल्या गाडीत दुसऱ्या बाजूला बसली. किल्ली फिरवताना दोघी मिळून त्या ओळी म्हणाल्या. पिवळी उठली. गावाबाहेर आल्यावर म्हातारीने हात पुढे केला आणि काचेवरून बोटं फिरवली, जनावराच्या अंगावरून फिरवावीत तशी. लहान गाडी, हात सहज पुरतो. पण खडबड बाहेरच्या बाजूला होती, आत काच गुळगुळीत. मारिविकला वाटलं, निभावलं.

मग आर्डिस नखाने काचेवर हळूच टिचकी मारत गेली. टिंग. टिंग. टिंग. मध्ये आली तशी आवाज बदलला. वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या बाईचा कान तो.

"तडा आहे," ती म्हणाली.

मारिविक खोटं बोलली असती. रोज सकाळी बोलत होतीच. पण रस्ता समोर होता आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिला सुचलं नाही. "आहे, लोला."

"कोणाचा खडा?"

"लॉर्नचा."

"जोरात होता?"

"जोरात."

"थांबला नाही?"

"नाही."

"बोट वर केलं?"

"केलं."

आर्डिसचा हात मांडीवर परत आला. खिडकीबाहेर पाण्याने भरलेली तळी जात होती, त्यांवर परतलेली बदकं. तिला ती दिसत नव्हती. आवाज येत असावा.

"म्हणजे तुझ्यासाठी थांबत नाहीत," ती शेवटी म्हणाली.

मारिविकने गिअर बदलला.

"माझ्यासाठी थांबायचे." तिने ते स्वतःलाच सांगितल्यासारखं सांगितलं. मग, "सगळे?"

"मी तेव्हा इथे नव्हते, लोला."

"गाढवं," आर्डिस म्हणाली. "इतकी सगळी गाढवं, आणि एकालाही सांगता आलं नाही." तिचा आवाज हलला की ती हसली, हे मारिविकला नीट कळलं नाही. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं. "काच बदलून घे."

"घेईन. पण पुढच्या वसंतात. लगेच कुठे कोणी बदलतं इथे?"

"पुढच्या?"

"पुढच्या."

म्हातारीने मान हलवली. मग कान टवकारला. समोरून धुळीचा लोट येत होता. "लॉर्नच आहे. तिसरा गिअर अजून कुरकुरतो मेल्याचा. सांगत होते, बघून घे म्हणून."

लॉर्न म्हणतो, त्याला स्टिअरिंगमागे मारिविक दिसायच्या आधी शेजारच्या सीटवर आर्डिसचे पांढरे केस दिसले, आणि पाय ब्रेकवर गेलाच होता. मग त्याने तो काढून घेतला.

ट्रक वेग न मोडता शेजारून गेला. आर्डिसने बोट वर केलं, अगदी वेळेवर. खडे पत्र्यावर तडतडले.

"केलं का त्याने?"

"केलं, लोला."

"आता कोण आहे?"

"आता खांब."

आर्डिसने खांबालाही केलं.