टांगा गावची विहीर

गुरप्पा गवंडी टांग्याला निघाला, तेव्हा औरादच्या आठवडी बाजारात कुणालाच कळेना की हा माणूस नेमका कुठं जायलाय.

"टांग्यानं जायलास का टांग्याला जायलास?" भाजीवाल्यानं विचारलं.

"गावाचं नावच टांगा हाय. आफ्रिकेत. समुद्राच्या काठाला."

"मग घोडा कुटं हाय म्हणावं त्याचा?"

बाजार हसला. गुरप्पाही हसला, पण घरी येऊन बायकोला म्हणाला, "हेमावती, मलाबी समजंना झालंय बघ."

विहीर बांधणारा म्हणून त्याचं नाव बिदरपर्यंत होतं. नौबादच्या एका मळ्यात तिघा गवंड्यांनी हात टेकले होते, तिथं गुरप्पानं तांबडा दगड फोडत साठ हातांवर पाणी काढून दिलं होतं. पण रझाकारांच्या धामधुमीत लोक गावं सोडून पळाले, मग लष्कर आलं, राज्य बदललं, आणि पुढची तीन वर्षं कुणी नवी विहीर खणायचं नावच काढेना. त्यातच उदगीरच्या एका गुजराती कापडवाल्यानं निरोप धाडला. त्याचा मावसभाऊ जेठाभाई टांगा गावात ठेकेदार होता आणि त्याला पाण्यातलं कळणारा माणूस हवा होता. गुरप्पानं बायको आणि नऊ वर्षांची चन्नम्मा यांना घेऊन मुंबई गाठली. एकोणीसशे एक्कावन्नची दिवाळी त्यांची बोटीवरच झाली.

टांग्याला उतरल्यापासून हेमावतीची नजर सारखी काहीतरी चुकल्यासारखी भिरभिरायची. घर समुद्रापासून दोनशे पावलांवर, झावळ्यांनी शाकारलेलं. भिंतीतले दगड बिदरच्या दगडासारखेच भोकाभोकांचे, पण पांढरे. निरखून पाहिलं तर त्यात शिंपले दिसायचे. मेलेल्या किड्यांच्या घरांनी आपलं घर बांधलंय, असं वाटून तिनं देवाच्या कोनाड्याजवळचं तेवढं सगळं शेणानं सारवलं. तरी लिंगपूजेला बसलं की वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास यायचा आणि मंत्र अर्ध्यावर विसरायचा.

वेळेचा तर मेळच बसेना. दिवस उगवल्यावर तासाभरानं शेजारी म्हणायचे, एक वाजला. जेठाभाईच्या मुकादमानं 'तीनला या' म्हणून सांगितलं, म्हणून गुरप्पा जेवून, जरा पडून तीनला गेला. तर मुकादम सकाळी नऊपासून उन्हात उभा. इथं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं, हे कळायला आठवडा गेला.

नात्यांची तर उलटापालटच होती. शेजारी झावळ्या विणून विकणारी एक विधवा राहायची. तिचं नाव म्वानाईशा. हेमावतीच्या जिभेला ते वळेना, म्हणून ती तिला मैनाक्का म्हणू लागली. पहिल्याच दिवशी ती बाई दारात आली, हेमावतीच्या हातात नारळ ठेवला आणि गोड हसून म्हणाली, "दादा!"

हेमावती घरात येऊन नवऱ्याला म्हणाली, "अवो, ती बाई मला दादा कामून म्हणायली? मी काय मिशावाली हाय का?"

चन्नम्मा चार पोरींत खेळून आली होती. ती म्हणाली, "अव्वा, हितं भणीला दादा म्हणतेत. अन् भावाला काका."

"मग काकाला?"

विचारून येते म्हणत चन्नम्मा पुन्हा बाहेर पळाली.

संक्रांतीनंतर विहिरीचं काम सुरू झालं. घायपाताच्या मळ्यात राबणाऱ्या मजुरांसाठी जेठाभाई खोल्या बांधत होता, विहीर त्यांच्या अंगणात. जागा गुरप्पानं स्वतः निवडली. अनवाणी फिरून, मातीचा वास घेऊन. पांढरा दगड पहारीखाली लोण्यासारखा सुटायचा. नऊ हातांवरच पाणी लागलं. गोड, गार. जेठाभाईनं नारळ फोडला, मजुरांनी टाळ्या वाजवल्या. नऊ हातांवर पाणी! गुरप्पाला आनंदापेक्षा संशयच जास्त आला. इतकं सोपं असतं होय?

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पाणी जेमतेम वीतभर. दुपारी पुन्हा दोन हात चढलेलं. आठवड्यानं पाहावं तर सकाळी होतं, दुपारी नाही. कुणी उपसलेलं नाही, कुठं फट नाही. पाणी आपसूक जायचं आणि आपसूक यायचं.

"भानामती हाय," गुरप्पा घरी येऊन म्हणाला. "दुसरं काय बी न्हाई. कुणीतरी पाणी पळवायलंय."

"हितं कोण करंल आपल्यावर भानामती? आपलं नाव तरी ठावं हाय का कुणाला?"

तरी त्यानं विहिरीच्या काठावर लिंबू-मिरची बांधली. पाण्यानं ऐकलं नाही. शेवटी तो म्हणाला, "झरा वरचा हाय. कच्चा हाय. अजून खाली जावं लागंल. आमचा अप्पा सांगायचा, पाणी पळालं की पाठलाग करायचा. जितकं खाली तितकं गोड."

दुसऱ्या दिवशी हेमावती त्याची भाकरी घेऊन विहिरीवर गेली. मैनाक्काही झावळ्यांचा भारा टाकून काठाशी उभी होती. आत पहारीचा आवाज ऐकून ती एकदम लगबगीनं हेमावतीकडं आली, तिचा दंड धरला, विहिरीच्या तळाकडं बोट दाखवलं, मग बोट जिभेला लावलं आणि म्हणाली, "चुम्वी चिनी, दादा! चुम्वी चिनी!"

चिनी! हेमावतीला कितीतरी दिवसांनी ओळखीचा शब्द कानावर पडल्यासारखं झालं. बोटीवर चहा वाटणारा भय्या साखरेला चीनीच म्हणायचा. जिभेला बोट, तळाकडं बोट, आणि चिनी. मैनाक्का मान हलवत होती. ती व्हय म्हणायली का न्हाई म्हणायली, हे काही हेमावतीला उमगलं नाही. एक क्षण तिला वाटलं, पुन्हा विचारावं. पण कोणत्या भाषेत विचारायचं?

तिनं विहिरीत वाकून हाक दिली, "अवो, ऐकलं का! मैनाक्का म्हणायली, खाली साखरंसारखं पाणी हाय!"

खालून गुरप्पा हसला. किती दिवसांनी हसला तो.

त्यानं आणखी तीन हात खणलं. तिसऱ्या दिवशी तळातून पाणी उसळून वर आलं. मजूर ओरडले. गुरप्पानं ओंजळ भरून तोंडाला लावली आणि तशीच थुंकली. मिठाचा खडा तोंडात धरावा तसं खारट. नऊ हातांवर लागलेलं गोड पाणीही त्यात मिसळून गेलं. संध्याकाळपर्यंत अख्खी विहीर खारी झाली.

जेठाभाई आला, चव घेतली आणि रुमालानं तोंड पुसलं. मग आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "गुरप्पा, तुम कारीगर है कि नहीं, मेरे को समझ नहीं पडता." दुसऱ्या दिवसापासून त्यानं गुरप्पाला खोल्यांच्या भिंतीवर लावलं. साधं बिगाऱ्याचं काम. मजूर पाण्यासाठी पुन्हा पाऊण कोस लांब जाऊ लागले.

गुरप्पा रोज कामावर जाताना त्या विहिरीशी थांबायचा, पाणी चाखायचा, थुंकायचा. घरी आला की भिंतीकडं तोंड करून बसायचा. "पाठलाग केला, तर ते समुद्रातच घेऊन गेलं," एवढंच एकदा म्हणाला. हेमावतीला मैनाक्काचा राग आला होता. साखर म्हणाली आणि फसवलं. महिनाभर ती तिच्याशी बोलली नाही. ओटीवरून हाक आली तरी आत निघून जायची.

एका सकाळी चन्नम्माच्या पायात शिंपला घुसला. तिला मैनाक्कानं उचलून आपल्या घरी नेलं होतं. हेमावती धावत गेली. मैनाक्कानं पोरीचा पाय धुऊन पाला बांधला होता. हेमावतीला दारात पाहून तिनं चटई झटकली, तिच्यावर हात थोपटला आणि म्हणाली, "काआ चिनी, दादा. चिनी."

हेमावती उभीच. मैनाक्कानं पुन्हा चटईवर हात थोपटला. "चिनी."

"खाली बस म्हणायली, अव्वा," चन्नम्मा म्हणाली.

"चिनी म्हणजे?"

"खाली."

"अन् चुम्वी?"

चन्नम्मानं मैनाक्काला विचारलं. मैनाक्का उठली, कोपऱ्यातल्या करवंटीतून चिमूटभर काहीतरी आणलं आणि हेमावतीच्या तळहातावर ठेवलं. ते मीठ होतं.

हेमावती चटईवर बसली. ही बाई सांगत होती, खाली मीठ आहे, खणू नका. आणि आपण विहिरीत वाकून काय ओरडलो! मैनाक्का तिच्याकडं बघत राहिली. हिला रडू कामून आलं, हे तिला कळलं नसावं. तिनं आपल्या ओढणीच्या टोकानं हेमावतीचे डोळे पुसले.

सांगावं की सांगू नये? चार दिवस हेमावतीनं तोंडाला कुलूप घातलं. पाचव्या दिवशी गुरप्पा जेवायला बसला होता. भाकरी वाढता वाढता तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"अवो, चूक माझी हाय."

"कशाची?"

तिनं सगळं सांगितलं. चीनी, चिनी, भय्या, चटई, मीठ. गुरप्पाचा घास हातातच राहिला. तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू म्हणली नसतीस तरी म्या खणलंच असतं," तो म्हणाला. "माझी पहार थांबणार नव्हती. आमच्यात थांबायचं कुणी शिकिवलंच न्हाई." मग घास ताटात ठेवून, "पण तिला कसं ठावं, खाली मीठ हाय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दोघं मैनाक्काच्या दारात गेले, चन्नम्माला दुभाषी करून. मैनाक्कानं प्रश्न ऐकला, हसली, आणि करवंटी घेऊन त्यांना समुद्रावरच घेऊन गेली. ओहोटी होती. ओल्या वाळूच्या वरच्या अंगाला, नारळीच्या मुळांशी, ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी वाळू उकरू लागली. समुद्र पन्नास पावलांवर आणि ही पाणी शोधायली! गुरप्पा लाजल्यासारखा इकडंतिकडं बघत होता. हातभर खड्डा झाला, तळाशी पाणी जमू लागलं. मैनाक्कानं करवंटी अलगद वरच्यावर फिरवली आणि पुढं केली.

गुरप्पा प्याला. गोड होतं.

मग तिनं आणखी वीतभर वाळू उकरली, पाणी ढवळलं, पुन्हा करवंटी भरली. गुरप्पा प्याला. खारं.

त्यानं पुन्हा एक खड्डा स्वतः उकरला. पुन्हा चाखलं. मग तिसरा उकरला. हेमावती काठावर उभी राहून बघत होती. तिचा नवरा लहान पोरासारखा वाळूत खड्डे करत, पीत आणि थुंकत होता. मैनाक्कानं हात वर-खाली करून दाखवलं: समुद्र चढला की विहीर चढते, समुद्र उतरला की विहीर उतरते. गोड पाणी पातळ सायीसारखं वर तरंगतं, खाली सगळा समुद्रच.

"म्हणजे कुणी पळवत नव्हतं," गुरप्पा पुटपुटला. "ते आपलं श्वास घेत होतं."

त्यानं जेठाभाईची गाठ घेतली आणि विहिरीचा तळ बुजवू द्या म्हणाला. आधी शेठ ऐकेना. मग म्हणाला, करून बघ, पण तुझ्या सुट्टीच्या दिवसांत. गुरप्पा, हेमावती, चन्नम्मा आणि दोन-चार मजूर, अशा सगळ्यांनी मिळून पांढऱ्या दगडाचे तुकडे आणि चिकण माती टाकून विहिरीचा तळ तीन हात बुजवला. आयुष्यात पहिल्यांदाच गुरप्पा विहीर भरत होता. एक एक पाटी टाकताना तो तोंड फिरवायचा.

चैत्रात इथला मोठा पाऊस लागला. गोड साय पुन्हा जमावी म्हणून महिनाभर कुणी विहिरीला हात लावला नाही. पाऊस उघडल्यावर मजुरांतल्या एका म्हातारीनं पहिला पोहरा काढला, प्याली, ओठ चाटले आणि घागर भरून निघून गेली. किंचित मचूळ होतं, पण पिण्याजोगं. जेठाभाईनं दुसऱ्या विहिरीचं काम गुरप्पाला दिलं. ती सात हातांवर पाणी लागताच त्यानं थांबवली. पाय आणखी खाली जायला शिवशिवत होते. तो वर येऊन बराच वेळ काठावर हात चोळत बसला.

हेमावती मैनाक्काकडं चटई विणायला जाऊ लागली. दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं, निम्मं राहून जायचं.

पावसाळ्यानंतर गुरप्पानं चन्नम्माकडून थोरल्या भावाला, वीरभद्रप्पाला, पत्र लिहून घेतलं: काम चांगलं चाललंय, यंदा तीन विहिरी केल्या, सात ते नऊ हातांच्या. दोन महिन्यांनी औरादहून उत्तर आलं. चन्नम्मानं मोठ्यानं वाचलं.

"चिरंजीव गुरप्पास आशीर्वाद. पत्र वाचून घरात सगळ्यांस काळजी लागली. नऊ हातांवर थांबतोस ते कामून? बिमार हायस का? आपल्या घराण्यात चाळीस हातांच्या आत कुणी पहार ठेवली नव्हती. तिथलं अन्न मानवत नसंल तर परत ये."

हेमावतीला हसू आवरेना. गुरप्पा मात्र हसला नाही. त्यानं चन्नम्माला नवा कागद घ्यायला लावला. ओहोटी, साय, खड्डे, करवंटी... तो सांगायला लागला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. औरादला समुद्र कुणी बघितला होता? चन्नम्मानं टाक दौतीत बुडवला आणि वाट बघत बसली.

"काय लिवू, अप्पा?"

गुरप्पानं डोकं खाजवलं.

"लिव्ह," तो म्हणाला, "तब्येत बरी हाय."