गावातली एकच सुईण

संध्याकाळी पाचच्या आत आमच्या संशोधनातल्या सगळ्या मुलाखती सरकारी संकेतस्थळावर खुल्या करायच्या होत्या. पैसा लोकांचा, तेव्हा माहितीही लोकांची. नियम वाईट नाही. नावं मी स्वतः पुसली होती. पण ‘गाव’ आणि ‘व्यवसाय’ हे रकाने ठेवणं सक्तीचं होतं, आणि मी जिची मुलाखत घेतली तिच्या गावात सुईण ती एकच. “शेजारची सून बाळंतपणात गेली ती माझ्या चुकीने,” हे तिने फक्त मला सांगितलं होतं.

“बाई, एवढी एक मुलाखत वगळू या ना,” मी आमच्या प्रमुखबाईंना म्हटलं.

“अगं, सूट सुरुवातीलाच मागायची असते. अनुदानाच्या अर्जात ‘गोपनीय काही नाही’ असं कुणी लिहिलं?”

मीच लिहिलं होतं. तेव्हा एकही मुलाखत झाली नव्हती.

सुईणीला फोन करून सगळं सांगितलं.

“मावशी, ऐकताय ना?”

“ऐकतेय गं. देवाची शपथ घेतलीस म्हणून तोंड उघडलं. आता त्यांच्या दारावरून जाऊ कशी, तेवढं सांग.”

मी फोन ठेवला. पाचाला दहा मिनिटं कमी असताना तिच्या मुलाखतीसकट सगळ्या खुल्या करायचं बटण मी दाबलं.